दोन चिमुकल्या किडन्या, एक रुग्ण

जानेवारी 2021 मध्ये दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात 20 महिन्यांच्या एका मुलीला डॉक्टरांनी मेंदूमृत घोषित केलं. बाल्कनीतून पडून तिच्या डोक्याला जबर मार लागला होता. आईवडिलांनी अवयवदानाला होकार दिला आणि तिच्या दोन्ही किडन्या 34 वर्षांच्या एका पुरुषाला बसवण्यात आल्या. बाळाच्या एवढ्याशा किडन्या बापईगड्याला पुरतील तरी कशा?

किडनीत रक्त गाळण्याचं काम नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म रचना करतात. एका किडनीत त्या सरासरी दहा लाखांच्या घरात असतात. त्या घडवण्याचं काम आईच्या पोटातच, साधारण 36व्या आठवड्यापर्यंत आटोपतं. त्यानंतर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. आहेत तेच मोठे आणि कार्यक्षम होत जातात. म्हणजे पुरे दिवस भरून जन्मलेल्या बाळाची साडेचार-पाच सेंटीमीटरची किडनी अर्धवट नसते. नेफ्रॉन सगळे असतात, वाढ तेवढी बाकी असते. उलट वयस्क दात्याची किडनी दिसायला मोठी असली, तरी तिच्यातले कितीतरी नेफ्रॉन वयाने आणि रक्तदाबाने निकामी झालेले असतात. म्हणूनच बाळाची किडनी ‘लहान’ म्हणून बाजूला सारणं मला शास्त्राला सोडून वाटतं.

खरी अडचण आहे ती रक्तवाहिन्यांची. तान्ह्या बाळाच्या किडनीची धमनी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते. ती थेट मोठ्या माणसाच्या धमनीला शिवली, तर जरासा पीळ पडला तरी रक्त गोठतं आणि किडनी जाते. म्हणून शल्यविशारद किडन्या सुट्या करतच नाहीत. बाळाची महाधमनी आणि महाशीर यांच्या तुकड्यासकट दोन्ही किडन्या एकत्र काढतात. त्या तुकड्यांची वरची टोकं बंद करतात आणि खालची टोकं रुग्णाच्या ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयात सोडतात. या पद्धतीला ‘एन ब्लॉक’ प्रत्यारोपण म्हणतात. तिची कल्पना जुनी आहे: पुढे नोबेल मिळवणाऱ्या अलेक्सिस कॅरल यांनी 1908 मध्येच मांजरांवरच्या अशा प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता.

जोडीने लावण्याला आणखी एक कारण आहे. एकाच चिमुकल्या किडनीवर मोठ्या शरीराचा सगळा भार आणि दाब आला, तर तिची गाळणी ताणून खराब होते, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. दोघींत भार वाटला, की वाढायला सवड मिळते. रुग्णही पारखून घेतात. शक्यतो कमी वजनाचा, रक्तदाब आटोक्यात असलेला. पहिले काही दिवस गुठळीची धास्ती असतेच. ते निभावले, की या किडन्या काही महिन्यांत झपाट्याने वाढतात. अनुभवी केंद्रांत त्यांचा दीर्घकाळचा निकाल जिवंत दात्याच्या किडनीच्या जवळपास येतो.

आपल्या देशात हे घडतं आहे. चंडीगडच्या पीजीआयमध्ये 39 दिवसांच्या एका मुलीच्या किडन्या 15 वर्षांच्या मुलाला मिळाल्या. मार्च 2023 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान तिच्या आईवडिलांशी बोलले. त्याआधी 2017 मध्ये सुरतेच्या 14 महिन्यांच्या बाळाचं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवलं गेलं आणि त्याच्या किडन्या अहमदाबादला गेल्या.

आता कोल्हापूरकडे येऊ. अवयववाटपासाठी आपला जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे येतो. पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे. हृदयाला जेमतेम चार तास मिळतात. किडनी मात्र बर्फाच्या पेटीत 24 तासांच्या आसपास टिकते. तेव्हा अंतराची सबब इथे चालत नाही. अडतं ते बालकांच्या अतिदक्षता विभागात.

कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवावा लागतो. तान्ह्या बाळांत ही तपासणी अधिक जपून करावी लागते. टाळू भरलेली नसते, त्यामुळे कवटीच्या आतला दाब मोठ्यांसारखा वागत नाही. दोन तपासण्यांत जास्त वेळ जाऊ देणंच योग्य. मेंदूमृत्यू पक्का झाल्यावर कुणीतरी त्या आईबापांशी बोलायला हवं, आणि इथेच बहुतेकांची जीभ अडखळते. डॉक्टरांची ती घालमेल मला समजते. तरीही विचारायला हवं, असंच माझं मत आहे. मात्र मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एका दमात सांगू नये. मध्ये त्यांना रडायला वेळ द्यावा. बोलणारा माणूस प्रशिक्षित समन्वयक असावा, उपचार करणारा डॉक्टर नसावा. नकार आला तर तो तिथेच स्वीकारावा.

कायद्याला 18 वर्षांखालच्या मुलासाठी आई किंवा वडील यांपैकी एकाची लेखी संमती पुरते. पण अशा वेळी दोघांचंही मन असल्याखेरीज पुढे जाऊ नये. प्रत्यारोपण होत नसलेल्या रुग्णालयालाही अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करता येते. आणि होकार दिल्यानंतर बाळाचं शरीर सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा खर्च त्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असं नियमांत लिहिलेलं आहे. आईबापांना हे त्यांनी विचारण्याआधीच सांगायला हवं.