संदेशातील नेमका मजकूर

रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस प्रणालीने २०१३ मध्ये आयएसओ २००२२ हे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले. या मानकाचे संदेश एक्सएमएल स्वरूपात असतात. त्यात प्रत्येक माहितीच्या आधी आरंभाचा व नंतर समाप्तीचा टॅग येतो; दोहोंमधील मजकूर हे त्या घटकाचे मूल्य होय.

मात्र टॅगचे नाव एकमेव असेलच असे नाही. पैसे पाठविणारा आणि लाभार्थी, दोघांच्याही खाते क्रमांकासाठी ‘आयडी’ हाच टॅग योजिलेला असतो. संगणकाने समोर आलेला पहिलाच ‘आयडी’ उचलला, तर भलताच क्रमांक हाती येतो. रक्कम खाते क्रमांकाच्या आधारेच जमा होत असल्याने ही चूक महागात पडते. म्हणून आधी लाभार्थ्याच्या खात्याचा घटक गाठावा आणि त्याच्या पोटातील मजकूर वाचावा.

रकमेचा आकडा मजकुरात, तर चलन टॅगच्या गुणधर्मात असते. ते स्वतंत्रपणे मागावे लागते. ‘शहा अँड सन्स’ यांसारख्या नावातील ‘अँड’चे चिन्ह सांकेतिक रूपात येते. नुसती अक्षरे कापून घेतल्यास नाव बिघडते. पार्सर ते पूर्ववत करून देतो.

पासबुकातील एका अचूक नोंदीमागे एवढी दक्षता असते.