युरोपातलं गोडधोड : चवीचं आणि चौकशीचं

युरोपात जाऊन आलेल्या बाईला आपण मैत्रिणी काय विचारतो? थंडी किती होती, खरेदी काय केली, आणि जेवणाचे हाल झाले का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, तेही फक्त गोडाबद्दल. कारण गेल्या वर्षी आमच्याबरोबर सासूबाई होत्या. वय सत्तर, अंडं आयुष्यात कधी तोंडाला लावलेलं नाही. आम्ही मिटक्या मारायच्या आणि त्यांनी रिकाम्या बशीपुढे बसायचं, हे काही मला रुचणारं नव्हतं.

व्हिएन्नाचा केक जगप्रसिद्ध आहे. त्याचं नाव झाखर टॉर्ट, पण आपल्या कानांना ते 'साखर'च ऐकू येतं! फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या शिकाऊ पोऱ्याने १८३२ साली मेटर्निखसाहेबांच्या मेजवानीसाठी तो केला, असं सांगतात. चॉकलेटचा केक, आत जर्दाळूचा जॅम आणि बाजूला बिनसाखरेचं घुसळलेलं क्रीम. 'अस्सल' केक कुणाचा, यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल हे मिठाईचं दुकान यांच्यात कोर्टकचेरी झाली. १९६३ साली ते भांडण मिटलं. हॉटेलच्या केकमध्ये जॅमचा थर मधोमधही असतो, डेमेलच्या केकमध्ये तो फक्त वरच्या चॉकलेटखाली असतो. चव उत्तम, पण त्यात भरपूर अंडी.

सासूबाईंची खरी गाठ पडली ती सफरचंदाच्या स्ट्रूडलशी. याची कणीक हातांच्या मागच्या बाजूवर झेलत इतकी पातळ ताणतात, की खालचा कागद वाचता यावा. ते पाहताच माहेरच्या खानदेशी असलेल्या आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपले मांडेच! फक्त खापर नाही." काही जण या कणकेत अंडं घालतात, काही नाही. आम्ही विचारूनच एका छोट्या दुकानात ते घेतलं. त्यांनी अख्खी बशी चाटूनपुसून साफ केली.

लिस्बनमधल्या बेलें भागात अंड्याच्या कस्टर्डच्या कुरकुरीत वाट्या मिळतात. १८३७ सालापासूनचं दुकान आहे. पूर्वी मठांमध्ये कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं म्हणून ही पक्वान्नं निघाली, अशी हकिगत आहे. काटकसरी गृहिणीला पटेल अशीच! गोव्याच्या बेबिंक्यात एवढे बलक का, तेही तिथे उमगतं. सासूबाईंनी तिथे फळं खाल्ली.

इटलीत मात्र त्यांची चंगळ झाली. तिथल्या 'सोर्बेत्तो'त बहुधा फळांचा रस, साखर आणि पाणी एवढंच असतं. पण 'पान्ना कोत्ता' दिसायला दुधाची असली तरी तिच्यात जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून काढतात. हे ध्यानात ठेवाच.

शाकाहारी मंडळींना घेऊन जाणार असाल तर दोन शब्द वहीत लिहून ठेवा. जर्मन बोलणाऱ्या देशांत 'ओने आय' आणि इटलीत 'सेन्झा उओवा'. दोन्हींचा अर्थ 'अंड्याशिवाय'. केकमध्ये रम आहे का, हेही विचारावं.

घरी करून पाहा
पाव किलो मैद्यात चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे तेल, चमचाभर लिंबाचा रस आणि लागेल तसं कोमट पाणी घालून मऊ कणीक भिजवा. चांगली मळून, तेलाचा हात लावून तासभर झाकून ठेवा. चार-पाच सफरचंदांच्या पातळ फोडी, अर्धी वाटी साखर, बेदाणे आणि दालचिनीची पूड एकत्र करा. पिठी भुरभुरलेल्या धुवट पंचावर कणीक लाटून, मग हातांनी ताणा. वर लोणी लावून, लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरा म्हणजे सफरचंदाचं पाणी शोषलं जाईल. मग सारण घालून पंचाच्याच मदतीने गुंडाळी करा. वरून पुन्हा लोणी लावून १९० अंशांवर सुमारे ४० मिनिटं भाजा.

पहिल्या खेपेला कणीक थोडी फाटली तरी घाबरू नका. गुंडाळीत सगळं झाकलं जातं. आणि घरात अंडं न खाणारं कुणी वडीलधारं असेल, तर पहिला तुकडा त्यांच्याच बशीत वाढा.