आपोआप लागणारा फोन

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे, त्या काळची ही गोष्ट. १९९९ सालीं निघालेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तींत एका मोडेमवर घरांतील दोन-तीन संगणकांस इंटरनेट वांटून देण्याची सोय झाली. तिजबरोबर उपद्रवहि आला. कोणी कामास बसलेलें नसतां मोडेम नंबर फिरवी, आणि प्रत्येक कॉलचा आकार बिलांत चढे. पुष्कळांनीं मोडेमला दोष दिला. तो बिचारा हुकुमाचा ताबेदार! कोणत्याहि संगणकानें बाहेरचा पत्ता विचारला कीं वांटप करणारा संगणक लाइन जोडून देई. टपाल तपासणारा प्रोग्रॅम तर विचारीच. पण शेजारच्या संगणकाचें नुसतें नांव शोधतांनाहि ती चौकशी कधीं कधीं बाहेर जाई.

पाट कोठें फुटला हें जसें बांधाबांधानें पाहतात, तसाच येथें शोध करावा लागे. प्रथम मोडेमचा संगणक एकटा ठेवीत. तरीहि फोन लागला तर दोष त्याचाच. न लागल्यास इतरांच्या तारा एकेक जोडीत, आणि जो जोडल्यावर फोन लागूं लागे, त्यावरील आपोआप चालणारे प्रोग्रॅम बंद करीत. विंडोज २००० मध्यें मागणीबरोबर फोन लावण्याची खूणच काढून टाकतां येई. मग जोडणी हातानें करावी लागे. रात्रीं मात्र मोडेममधून टेलिफोनची तार काढून ठेवणें हाच खात्रीचा उपाय होता.