किरणांची पीक कापणी

रायपूरच्या तेलीबांधा तलावाला लोक आता मरीन ड्राइव्ह म्हणतात. संध्याकाळी काठावरचे दिवे लागले की पाण्यावर त्यांच्या लांबट, थरथरत्या रेघा पडतात. हे दृश्य ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं ठरवलं, तर तलाव, कठडा आणि दिवे यांची मॉडेलं दोन दिवसांत तयार होतील. डोकेदुखी सुरू होते ती रेंडरचं, म्हणजे मॉडेलांवरून अंतिम चित्र काढून घेण्याचं, बटण दाबल्यावर. काळोख्या पाण्यात रंगीत ठिपक्यांची भुरभुर दिसते. त्यातच एखादा ठिपका पांढराफेक चमकतो आणि पुढच्या फ्रेममध्ये गायब होतो. भुरभुरीला या धंद्यात नॉइज किंवा ग्रेन म्हणतात आणि चमकून जाणाऱ्या ठिपक्यांना फायरफ्लाय.

जुन्या सिनेमातला दाणेदारपणा फिल्मवरच्या चांदीच्या कणांमुळे येत असे. मोबाइलच्या रात्रीच्या फोटोतला नॉइज सेन्सरचा असतो. रेंडरमध्ये कॅमेराही नाही आणि फिल्मही नाही. तिथला ग्रेन म्हणजे अर्धवट राहिलेली बेरीज.

ही बेरीज कसली, ते जेम्स काजिया यांनी १९८६ साली एका समीकरणात मांडलं. पडद्यावरच्या एका पिक्सेलचा रंग ठरवायचा तर त्यात दिसणाऱ्या बिंदूवर सगळ्या दिशांनी येणारा प्रकाश मोजावा लागतो. तो प्रकाशही भिंतीवर, जमिनीवर, पाण्यावर आपटत आलेला असतो. दिशा अगणित, म्हणून संगणक त्यांतल्या थोड्याच दिशा चिठ्ठ्या टाकून निवडतो, त्या वाटांनी किरण सोडतो आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त इथे पातेल्यात काही शितं कच्ची आणि काही करपलेली असतात, आणि शेजारच्या पिक्सेलने भलतीच शितं उचललेली असतात. म्हणून एकाच भिंतीवरचे दोन शेजारी पिक्सेल वेगळे दिसतात.

चिठ्ठ्या टाकून गणित सोडवायची ही रीत माँटे कार्लो नावाने ओळखली जाते. स्टॅनिस्लाव उलाम १९४६ मध्ये आजारातून उठत असताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता कागदावर काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजणं सोपं, असं त्यांच्या लक्षात आलं. मग जॉन फॉन नॉयमन यांच्या साथीने ती कल्पना अणुबॉम्बच्या हिशेबांत गेली. सिनेमाच्या चित्रांत ती आणली १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी. त्याआधी किरण ठरावीक अंतराने सोडले जात. त्यामुळे तिरप्या कडा पायऱ्यांसारख्या तुटत आणि बारीक नक्षीत नसलेले पट्टे उमटत. किरण विस्कटून सोडल्यावर ती चूक गेली नाही, पण तिचा ग्रेन झाला. डोळ्याला पट्टे खुपतात, विखुरलेले ठिपके तो खपवून घेतो. ज्या ग्रेनवर आज आर्टिस्ट चिडतात तो या मंडळींनी जाणूनबुजून पत्करलेला आहे, हे थोडं विसरलं गेलंय.

किरण वाढवले की ग्रेन कमी होतो, पण फार कंजूषपणे. तो निम्मा करायला चौपट किरण लागतात आणि पाव करायला सोळापट. समजा तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर एकूण ४,३२० फ्रेम होतात. एका फ्रेमला पाच मिनिटं लागली तर एक मशीन ३६० तास, म्हणजे पंधरा दिवस, अखंड चालेल. ग्रेन निम्मा हवा असेल तर ढोबळ हिशेबाने साठ दिवस. मशीन पाचशे वॉट खात असेल तर विजेचा आकडा १८० युनिटांवरून ७२० वर जातो, आणि रायपूरच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या घरात असताना, खोली थंड ठेवायचा खर्च वेगळाच.

मग किरण वाढवण्याऐवजी ते नीट वाटायचे कसे? इथे साताऱ्याच्या एका माणसाची आठवण काढायला हवी, ज्याने हा प्रश्न संगणकाआधीच सोडवायला घेतला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनला ते जेर्झी नेमन यांच्या हाताखाली संख्याशास्त्र शिकले. नेमन यांनी १९३४ मध्ये दाखवलं होतं की पाहणी करताना लोकसंख्येचे स्तर पाडावेत आणि ज्या स्तरात फरक जास्त, तिथून जास्त नमुने घ्यावेत. अडचण एवढीच, की कुठे फरक जास्त आहे हे पाहणीआधी कळणार कसं? सुखात्म्यांनी १९३५ च्या निबंधात हाच प्रश्न तपासला: आधी छोटा चाचणी नमुना घ्या, त्यावरून प्रत्येक स्तरातला फरक अजमावा आणि मग उरलेले नमुने वाटा. पुढे भारतात कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकाच्या उत्पादनाचा अंदाज बांधण्यासाठी पीक कापणीच्या नमुना पाहण्या रुजवल्या. चिठ्ठी टाकून शेत निवडायचं, त्यात चिठ्ठी टाकूनच ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, झोडून वजन करायचं. धानाचं कोठार म्हणवणाऱ्या छत्तीसगडमध्ये पीक विम्यासाठी आजही असेच कापणी प्रयोग होतात.

आता ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमधला ‘नॉइज थ्रेशोल्ड’ पाहा. तो आधी प्रत्येक पिक्सेलला थोडे किरण देतो, कुठे उत्तरं अजून हेलकावतायत ते पाहतो, शांत झालेले पिक्सेल बाजूला काढतो आणि उरलेले किरण अडलेल्या जागी खर्च करतो. निरभ्र आकाशाला सोळा किरण पुरतात, वाड्याच्या माजघरात एकाच खिडकीतून येणाऱ्या उजेडाला हजारही कमी पडतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी सुखात्मे वाचले असतील असं नाही. तर्क मात्र तोच आहे, आणि पिक्सेलचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकात एकेक किरण सोडण्याची रूढ पद्धत म्हणजे स्तर पाडणंच.

फायरफ्लायचा बंदोबस्त यापेक्षा आडदांड. पाण्यातून किंवा बस्तरच्या ढोकरा मूर्तीसारख्या चकचकीत धातूवरून वळून दिव्यापर्यंत पोचणारी वाट क्वचितच एखाद्या किरणाला सापडते, आणि सापडली की त्या एका पिक्सेलची सरासरी फुगते. क्लॅम्प लावला की ठरावीक मर्यादेवरची चमक कापली जाते. ठिपका जातो, पण पाण्यावरची लखलखही थोडी मरते. घाईत क्लॅम्प फार खाली ओढून सगळं दृश्य मलूल केलेली वॉकथ्रू इमारतींच्या जाहिरातींत सर्रास दिसतात.

राहिलेला ग्रेन पुसण्याचं काम डीनॉइझर करतो. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढली तर ठिपक्यांबरोबर साडीचा पोतही पुसला जाईल. म्हणून त्याला आणखी दोन चित्रं देतात. एकात वस्तूंचे मूळ रंग, प्रकाश वगळून. दुसऱ्यात प्रत्येक पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ती माहिती. या दोन्हींत ग्रेन फार कमी असतो, त्यामुळे कड कुठे आहे आणि डाग कुठे, हे ताडता येतं. हा अंदाज बांधायला न्यूरल नेटवर्क शिकवण्याचं मोठं पाऊल २०१७ मध्ये पडलं. डिस्ने रिसर्च, पिक्सार आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेच्या संशोधकांनी ‘फाइंडिंग डोरी’च्या फ्रेमवर नेटवर्क तयार केलं आणि ‘कार्स ३’ व ‘कोको’च्या फ्रेमवर ते तपासलं. इंटेलने २०१९ मध्ये ओपन इमेज डीनॉइझ फुकट खुलं केलं, ते लगेच ब्लेंडरमध्ये आलं, आणि घरच्या संगणकावर काम करणाऱ्यालाही मोठ्या स्टुडिओचं हत्यार मिळालं. वरच्या हिशेबात किरण एक अष्टमांश केले तर पंधरा दिवसांचं काम साधारण पंचेचाळीस तासांत येतं.

स्थिर चित्रात याची जादू वाटते. ॲनिमेशनमध्ये ती उघडी पडते. डीनॉइझर प्रत्येक फ्रेमचा अंदाज वेगळा बांधतो. आधीच्या फ्रेममध्ये सावली जराशी गडद, पुढच्यात जराशी फिकट. दोन्ही एकेकट्या बरोबर वाटतात, पण सलग चालवल्या की भिंत उकळताना दिसते. गवत, केस आणि दूरची झाडं यांत हे सर्वांत आधी कळतं. सायकल्समध्ये मुळात सीड, म्हणजे चिठ्ठ्यांचा क्रम, सगळ्या फ्रेमना एकच असतो. तो तसाच ठेवला तर ठिपक्यांची नक्षी पडद्याला चिकटून बसते आणि चित्र तिच्या मागून सरकतं. सीड दर फ्रेमला बदलला तर ग्रेन निदान जिवंत वाटतो, आणि आजूबाजूच्या फ्रेमचा आधार घेणाऱ्या डीनॉइझरला खरी मदत होते, कारण पाच फ्रेममधल्या पाच वेगळ्या चुका एकमेकींना खोडतात. त्यासाठी वस्तू कुठून कुठे हलली याची दिशाही साठवावी लागते. पाण्यातलं प्रतिबिंब मात्र पाण्याबरोबर हलत नाही, आणि तिथेच हे तंत्र चकतं. म्हणून जाणते लोक डीनॉइझरची परीक्षा एका सुंदर फ्रेमवर करत नाहीत. सर्वांत अंधाऱ्या शॉटचे दोन सेकंद रेंडर करतात, चालवून बघतात आणि मग रात्रभराचं काम लावतात.

काहींनी हा खेळच नाकारला. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ब्लेंडरच्या ईव्ही रेंडररवर झाला, जो व्हिडिओ गेमच्या पद्धतीने चित्र काढतो आणि प्रकाशाच्या वाटा शोधण्यात जीव घालवत नाही. फ्रेम काही सेकंदांत निघत होती, रेंडर फार्म, म्हणजे रेंडरसाठीचा मशीनांचा ताफा, लागलंच नाही. सावल्या आणि प्रतिबिंबं सायकल्सइतकी काटेकोर नाहीत, आणि पुराच्या पाण्यात चालणाऱ्या गोष्टीसाठी ही तडजोड छोटी नव्हती. दिग्दर्शकाने पृष्ठभागांवर चितारल्यासारखा पोत ठेवून ती निभावून नेली. २०२५ मध्ये या फिल्मला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.