परत करावयाचे कोणी?

कारखान्यात फिटर असताना आम्ही स्टोअरमधून पाना घेत असू तो चिठ्ठीवर सही करून. काम झाले की पाना परत जाई आणि चिठ्ठी फाडली जाई. आता समजा, चिठ्ठीच हरवली आणि पाना कोठे ठेवला हेही कोणाला आठवेना. तो कोणी वापरीत नाही, आणि स्टोअरच्या हिशेबी मात्र तो कामावर आहे! संगणकाच्या व्यवहारात ह्यालाच 'मेमरी लीक' म्हणतात. प्रोग्रॅम यंत्राच्या स्मृतीतील जागा मागून घेतो. परत देण्याआधी तिचा पत्ताच हरवला, की ती अडकून पडते. गळती हा शब्द तसा फसवा आहे. बाहेर काही सांडत नाही, आत साचत जाते.

प्रोग्रॅम संपला की यंत्र सारी जागा आपोआप ताब्यात घेते. म्हणून घटकाभर चालणाऱ्या प्रोग्रॅमला गळतीचे सोयरसुतक नसते. डीबगरचे तसे नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमला जागोजागी थांबवून त्यातील चूक हुडकणे हे त्याचे काम. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा असाच एक डीबगर. सकाळी उघडला तो संध्याकाळपर्यंत उघडाच असतो. दर थांब्याला शंभर बाइट जरी मागे राहिले, तरी दहा लाख थांब्यांत दहा कोटी होतात.

मग कोणी दुरुस्ती पाठवितो. काढलेल्या ओळीपुढे वजा, घातलेल्या ओळीपुढे अधिक, असा तो कागद असतो. पुष्कळदा अधिकाची ओळ एकच: कामाच्या शेवटी जागा परत द्या. वाचणाऱ्याला वाटते, झाले!

येथेच परीक्षकाने थांबावे. काम मध्येच मोडले तर? डीबगरमध्ये हे रोजचेच आहे. दिलेला पत्ता वाचता येत नाही, किंवा कंटाळून माणूस कंट्रोल-सी दाबतो. प्रोग्रॅम तेथूनच बाहेर उडी घेतो आणि ती शेवटची ओळ येतच नाही. दुसरी शंका त्याहून गंभीर. ही जागा आणखी कोणी परत देत नाही ना? एकच पाना हिशेबात दोनदा जमा झाला, तर स्टोअरकीपर तो दोघांना देऊन बसेल. मग डीबगरच कोसळतो आणि अर्ध्या दिवसाचा शोध पाण्यात जातो. त्यापेक्षा गळती परवडली.

पूर्वी जीडीबी सी भाषेत होता. परत देण्याच्या कामांची एक यादी ठेवीत, पण यादीत नाव घालावयाचे माणसाने, आणि माणूस विसरतो. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून सी-प्लस-प्लसची ११ क्रमांकाची पद्धत आवश्यक झाली. तीत 'युनिक पॉइंटर' नावाची सोय आहे: जागेला एकच मालक, आणि तो कोणत्याही दाराने बाहेर पडला तरी जाताना जागा परत देतोच. आम्ही जन्मभर मालकांशी भांडलो. येथे मात्र मालक नेमा, असा आग्रह आम्हांलाच धरावा लागतो!

दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तेच काम व्हॅलग्राइंड ह्या तपासनिसाखाली चालवून पाहावे. पत्ता हरवलेली जागा आणि पत्ता शिल्लक असलेली जागा तो वेगवेगळी दाखवितो. दुसरी पुष्कळदा मुद्दाम राखून ठेवलेली असते. उत्साहाच्या भरात तीही सोडणारे भेटतात.

परीक्षकांपैकी कित्येकांना ह्या कामाचा पगार मिळतो, कित्येक घरी रात्री बसून ते करतात. प्रश्न लिहून कागद परत जातो. काही दिवसांनी त्यावर 'दुसरी आवृत्ती' असे लिहून तो पुन्हा येतो, आणि वाचन पहिल्या ओळीपासून सुरू करावे लागते.