मांडव्याला आलात तर सासवणे चुकवू नका

मुंबई सोडून मांडव्यात राहायला आल्यापासून मी प्रत्येक पाहुण्याला आधी सासवण्याला नेते. जेट्टीवरून रिक्षा मिळते. शिल्पकार नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांचं घर तिथे आहे, आता ते संग्रहालय झालंय. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी पोरवयात काढलेलं शिवरायांचं चित्र तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि हा मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला! पुण्यातला १९२८चा शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण मला जास्त आवडतात ती सासवण्यातली साधी शिल्पं: कोळीण, गावकरी आणि अंगणातली म्हैस. तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो.

लग्नसराईत शेजारच्या आगरी घरातून बोलावणं आलं तर जरूर जा. धवलारीण धवले गाते, त्या गाण्यांनीच एकेक विधी पुढे सरकतो. डीजे सुरू होण्याआधी पोचा, खरं ऐकण्यासारखं तेच आहे. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात सजलेल्या होड्या बघा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने या. ही सेवा २०२०पासून आहे, गाडीही सोबत आणता येते.