भेंडीचे ठसे

पावसाळा सरतां सरतां वऱ्हाडांत भेंडी निबर होऊं लागते आणि गृहिणी ती बाजूस टाकतात. गेल्या आश्विनांत अशी पिशवीभर टाकाऊ भेंडी घेऊन आम्ही अकोल्यास एका शाळेच्या बालवर्गांत गेलों. तेथील बाईंना वाटलें, गुरुजी बाजारांतून परस्पर आले!

भेंडी देठाखालीं आडवी कापली कीं पांच पाकळ्यांचें फूल दिसतें. कारण तिच्यांत बहुधा पांच कप्पे असतात. ही आणि आपला कापूस एकाच कुळांतलीं, हें ऐकून मुलांना मोठी गंमत वाटली. सुरी मात्र वडिलांच्याच हातीं असावी. कापलेले तुकडे फडक्यावर पालथे घालून चिकटपणा टिपून घ्यावा. ताटलींत जुन्या धोतराची चौपदरी घडी ठेवून तीवर रंग ओतावा. गेरू बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत कालवावा, हळदींत चुन्याची निवळी घातली कीं ती लाल होते. (हा रंग उन्हांत विटतो.) रंग पातळ झाल्यास ठसा फुटतो. तुकडा घडीवर टेकवून कागदावर सरळ दाबावा व सरळ उचलावा. घसरूं देऊं नये.

बालकास स्वतःचें चित्र काढूं द्यावें, हा विचार व्हिएन्नांत फ्रांझ सिझेक यांनीं 1897 पासून आपल्या वर्गांत आचरिला. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं 1945 मध्यें बोर्डीस ग्रामबालशिक्षण केंद्र काढून परिसरांतील साध्या वस्तूंनाच शिक्षणाचें साधन केलें. ताराबाईंचा कांहीं काळ संसार अमरावतीस झाला होता, याचा आम्हां वऱ्हाडकरांस अभिमान वाटतो.

परंतु हें सारें आम्हांस फार उशिरा कळलें. तरुणपणीं आम्ही फळ्यावर आंबा काढीत असूं व मुलांनीं तो तसाच उतरावा असा आमचा दंडक असे. एका मुलानें आंबा निळा रंगविला, तेव्हां आम्हीं तें पान सर्वांसमक्ष फाडलें. त्यानें पुढें वर्षभर आमच्या तासास चित्रवही उघडली नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं.

अकोल्याच्या वर्गांत एका चिमुरड्यानें भेंडी दाबण्याऐवजीं कागदभर फरफटत नेली. आमचा हात जुन्या संवयीनें पुढें झाला; तो आवरून आम्हीं विचारलें, "हें काय रे बाळ?"

"आबाजी, वारं सुटलं न! फुलं उडून राह्यली."

आम्हीं त्याला दुसरा कागद दिला. त्यावरही वाराच सुटला.